तुम्ही विचारलंत म्हणून: ज्येष्ठमध रोज घ्यावं का?

माझ्याकडे गाणं शिकायला येणारी मुलं, त्यांचे आईवडील, कधीकधी मैफलीनंतर भेटणारे श्रोतेसुद्धा हे हमखास विचारतात: "बाई, ज्येष्ठमध रोज घेतलं तर चालेल ना? आवाज गोड होतो म्हणे." माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रोज घेऊ नका. घसा खवखवतोय, कोरडी ढास लागतेय, तर चार-पाच दिवस थोडं घ्यायला हरकत नाही. मीही घेते, आणि या मुळावर माझं मनापासून प्रेम आहे.

गवयांचं आणि ज्येष्ठमधाचं नातं उगाच जुळलेलं नाही. चरकसंहितेत कंठाला हितकर अशा १० द्रव्यांचा एक गण दिला आहे, त्यात द्राक्ष आणि पिंपळीच्या जोडीला ज्येष्ठमध आहे. काडी दाढेखाली धरली की आधी नुसतं लाकूड लागतं. मग गोडवा सावकाश उतरतो आणि बराच वेळ जिभेवर रेंगाळतो. तोंडाला लाळ सुटते, घसा ओला होतो, ढास थांबते. रियाजाला बसणाऱ्याला तेवढा आरामही पुष्कळ असतो.

पण आपण जे गिळतो ते स्वरतंतूंना लागतच नाही. गिळताना श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं आणि काढा मागून अन्ननलिकेत उतरतो. स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर पोटात गेलेल्या पाण्यानं आणि वाफेनं. त्यामुळे ज्येष्ठमधानं घसा निवतो, आवाज घडत नाही. वरचा षड्ज डळमळत असेल, तर पहाटे खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांच्या रियाजाला, बसायला हवं.

घशासाठी घ्यायचंच, तर मी गुळण्या सुचवते. भूल देताना अनेकदा घशात नळी घालावी लागते आणि शुद्धीवर आल्यावर घसा दुखतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी ३० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध घालून गुळण्या करायला लावल्या. साध्या पाण्याच्या गुळण्या केलेल्यांपेक्षा त्यांना घशाचा त्रास कमी झाला. २०१३ मध्ये व्हिएन्नातही तसंच दिसलं. शिवाय गुळणी आपण थुंकून टाकतो, औषध पोटात फारसं जात नाही. या मुळाच्या बाबतीत तीच मोठी गोष्ट आहे.

कारण ज्येष्ठमधाची गोडी ज्यातून येते ते ग्लिसिरायझिन साखरेपेक्षा सुमारे ५० पट गोड आहेच, पण ते मूत्रपिंडाच्या कामातही हात घालतं. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर असतं. मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) राखणदारासारखं बसलेलं असतं आणि तिथे आलेलं कॉर्टिसॉल निष्प्रभ करतं. ज्येष्ठमध त्या विकरालाच अडवतं. मग कॉर्टिसॉल शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते, स्नायू गळून जातात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १९४६ साली नेदरलँड्समधले डॉक्टर रेव्हर्स यांनी लिहून ठेवलं होतं, की ज्येष्ठमधाच्या अर्कानं पोटातल्या व्रणाच्या रुग्णांना बरं वाटतं खरं, पण काहींना सूज येते.

युरोपीय संघाच्या तज्ज्ञांनी नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सुचवली आहे. मुळात ते ४ टक्के धरलं, तर अडीच ग्रॅम चूर्णातच ही मर्यादा गाठली जाते. अडीच ग्रॅम म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा! आणि लोक मला "सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा मधातून" असं अगदी सहज सांगतात, तेव्हा खरंच पोटात गोळा येतो. रक्तदाब असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी जास्त होण्याची गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गरोदरपणात तर नकोच.

"पण आपल्याकडे बाळगुटीतसुद्धा असतं की," असं कुणीतरी म्हणतंच. असतं. पण कसं? सहाणेवर एखाद-दोन वळसे. जुन्या बायका वळसे मोजून उगाळायच्या, कुठल्या मुळीचे किती हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. बाळाला गुटी द्यावी की नाही हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. मला फक्त त्या मापाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. चमच्याचं माप त्या परंपरेत कुठे होतं?

स्वयंपाकातही याचा वापर बेतानंच होतो. चीनमध्ये अनेक औषधी काढ्यांत ज्येष्ठमध घालतात, ते इतर द्रव्यांना जुळवून घेतं म्हणून. तिथल्या स्वयंपाकघरात सोया सॉसमध्ये मंद शिजणाऱ्या मांसात किंवा अंड्यांत चक्रीफूल आणि दालचिनीबरोबर याचे एक-दोन काप पडतात आणि वाढण्याआधी काढून टाकतात. जपानमध्ये काही सोया सॉसना याच्याच अर्कानं गोडी आणतात.

विकत घेताना चूर्णापेक्षा काडी घ्या. बाहेरून तपकिरी, आत पिवळी, मोडली तर धागे निघतात. चूर्णात काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही, आणि गुंजेचं मूळ ज्येष्ठमध म्हणून खपवण्याचा प्रकार जुना आहे. गुंजेचा गोड पाला आपण विड्यात खातो, पण तिच्या बिया जहाल विषारी असतात.

मी आल्याच्या काढ्यात काडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून टाकते आणि थोड्या उकळ्या आल्या की गाळून घेते. फार उकळला तर काढ्यात कडवटपणा येतो. गूळ घालायची घाई करू नका. पहिल्या घोटाला काढा अळणी वाटतो, गोडी दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला कळते.