देवनारचं गणित कसं चुकलं: आमची वाटचाल

मानखुर्दला गोदाम घेतलं ते एकाच हिशेबानं: देवनारचा बाजार हाकेच्या अंतरावर. बकरी ईदच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून बोकडांचे ट्रक येतात, त्यांना चारा लागणारच. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याकडे भात झोडल्यावर पेंढा पडून असतो. तो आणायचा, प्रक्रिया करायची, गोण्या भरून विकायचा.

कृती जुनीच. १०० किलो कोरड्या पेंढ्याच्या कुट्टीला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थराथराने शिंपडायचं, पायांनी तुडवून हवा काढायची, ताडपत्रीखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचं. युरियाचा अमोनिया होतो, तो पेंढ्याचे चिवट धागे सैल करतो आणि ३-४ टक्क्यांवरचं प्रथिन ७-८ टक्क्यांपर्यंत नेतो.

पहिल्याच खेपेला ताडपत्री फाटकी निघाली. त्यात मुंबईचा जुलै! खालचा थर काळा पडला, बुरशी धरली. वाळवून खपवा, असा सल्ला मिळाला. पण बुरशीचं विष उन्हानं जात नाही. सगळा माल फेकला.

दुसरी खेप झकास जमली. घाईनं गोण्या भरून ईदच्या तोंडावर देवनारला नेल्या. बोकडांनी हुंगलं आणि माना फिरवल्या. वास उडायला पेंढा पसरून ठेवायचा असतो, तेवढाही धीर आम्ही धरला नव्हता. खरी चूक वेगळीच होती. हा चारा थोडा थोडा वाढवत अंगवळणी पाडावा लागतो, त्याला दोनेक आठवडे जातात. चार दिवसांत विकायच्या बोकडाला तो कशाला? एक व्यापारी सरळ म्हणाला, "शेठ, मला बोकड विकायचाय, आजारी नाही पाडायचा."

गिऱ्हाईक शेवटी पेंढ्याच्याच गावी सापडलं. वाड्याच्या एका मावशींकडे बंदिस्त चौदा शेळ्या आहेत. त्या म्हणाल्या, "दादा, शेळी म्हणजे म्हैस नव्हे, नुसता पेंढा ती खायची नाही. तुरीचं भुसकट मिसळ, वर गुळाचं पाणी मार." आज आमची गोणी तशीच भरते: निम्मा पेंढा, निम्मं तूर-हरभऱ्याचं भुसकट. वर लाल अक्षरांत छापतो, "सहा महिन्यांखालच्या करडांना देऊ नये". त्यांचं पोट युरियाला तयार नसतं.

पेंढा वाड्याहून मुंबईला आणि चारा मुंबईहून वाड्याला, हा डिझेलचा वेडेपणा दीड वर्ष केला. आता प्रक्रिया तिकडेच होते. मानखुर्दचं गोदाम आहे अजून. ईदला तिथून देवनारला आम्ही साधा हरभऱ्याचा भुसा विकतो, आणि तो संपतोही.