हायलँड फ्लिंगसाठी बॅगपाइप वाजवताना अडलेले सहा महिने

ग्लासगोत बॅगपाइप शिकायला लागलो. पहिलं वर्ष नुसत्या प्रॅक्टिस चँटरवर, म्हणजे सरावाच्या बिनपिशवीच्या बासरीसारख्या नळीवर गेलं, मग हवेची पिशवी हातात आली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या सहा महिन्यांबद्दल.

हायलँड फ्लिंग या स्कॉटिश नाचाच्या क्लासला वाजवायला जायचो तर मुली पहिल्याच स्टेपमध्ये अडखळायच्या. मी सूर चुकत नव्हतो, लयही सोडत नव्हतो. माझे शिक्षक दर आठवड्याला एकच सांगायचे, मेट्रोनोम लावून वाजव. सहा महिने लावला. त्या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही.

कारण दुखणं दुसरीकडेच होतं. ढोलकीवर समेला जोरात थाप देता येते. बॅगपाइपवर आवाज लहान-मोठा करता येत नाही, दोन स्वरांच्या मध्ये थांबताही येत नाही; सगळं एकाच आवाजात अखंड वाजत राहतं. वजन द्यायचं ते दोनच गोष्टींनी: स्वराची लांबी आणि त्याच्या आधी येणारी ग्रेस नोट, म्हणजे साधारण आपला कणस्वर. हायलँड फ्लिंग नाचतात स्ट्रॅथस्पे नावाच्या चालीवर. त्यात चार-चार मात्रा, आणि मात्रेच्या आत एक स्वर लांब, दुसरा अगदी आखूड. कुठे आखूड आधी. माझा लांब स्वर पुरेसा लांब नव्हता आणि आखूड स्वर लवकर यायचा. मेट्रोनोमला ते कळणार कसं? त्याची टिकटिक मात्रेवर पडते आणि माझी मात्रा बरोबरच होती. आतलं सगळं सपाट झालं होतं.

शेवटी नाचाच्या बाईंनी पाइप खाली ठेवायला लावला आणि मलाच पहिली स्टेप करायला लावली. जागच्या जागी एका पायावर उड्या, मात्रेला एक, दुसरा पाय पोटरीच्या मागे-पुढे. आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांची आठ आवर्तनं झाली आणि पोटऱ्या पेटल्या! पण कळलं: आखूड स्वर उशिरा आला की पाय आपोआप वर उचलला जातो. त्याच संध्याकाळी माझं वाजवणं बदललं. हे पहिल्या आठवड्यात कुणी का करायला लावलं नाही?

वाजवताना बघायचं ते पायांकडे, लावणीचा ढोलकीवाला बघतो तसं. आणि हो, ठेका कोपराने देऊ नका; पिशवीवरचा दाब हलला की सूर डगमगतो. तलवारीच्या नाचात, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या तलवारींवरून करायच्या दुसऱ्या स्कॉटिश नाचात, नाचणारी टाळी वाजवते, तिथून चाल जलद करायची. मी एकदा ती टाळी चुकवली आहे. चाल आधी तोंडाने म्हणून बघा, तोंडाने सपाट येत असेल तर बोटांनीही सपाटच येणार.

गेल्या ऑगस्टमध्ये एका गावच्या हायलँड गेम्समध्ये, म्हणजे खेळ आणि नाचांच्या स्कॉटिश मेळाव्यात वाजवलं. पाऊस भुरभुरत होता. लाकडी मंचावर तिघी होत्या. फ्लिंगच्या सहाही स्टेप झाल्या आणि प्रत्येक मात्रेला फळ्यांवर एकच आवाज येत होता.