ह्वांग होच्या पुरातलं कुटुंब लिहिताना: माझा अनुभव

चीन-जपान युद्धात देशोधडीला लागलेल्या शेतकरी कुटुंबावर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा पात्रांच्या आधी मी जागा आणि तारीख पक्की केली. हेनान प्रांत, फूकौ तालुका, जून 1938. 6 जूनला खायफंग शहर पडलं आणि 9 जूनला जपानी फौज अडवण्यासाठी चिनी सैन्याने ह्वायुआनखौ इथे ह्वांग हो नदीचा बांध स्वतःच फोडला. नदी आग्नेयेला वळली ती थेट 1947पर्यंत. कुटुंब एकदा निघालं की वर्षभरात परत येऊ शकत नाही, ही कथेची मुख्य अट इथूनच आली.

पुराचं पहिलं प्रकरण मला फाडावं लागलं. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पूर म्हटला की पानशेत येतं: सकाळी धरण फुटलं, काही तासांत पुणं पाण्यात. हेनानचा प्रदेश मात्र तळहातासारखा सपाट. पाणी लोंढ्यासारखं न येता पसरत, सरपटत येतं, लांबच्या गावांना पोचायला दिवस लागतात. मग माणसं आधीच का निघत नाहीत? कारण गहू. जूनच्या सुरुवातीला तिथे गव्हाची कापणी असते, आणि खळ्यावर पडलेलं पीक सोडून कुणी हलत नाही. हे कारण लिहिलं नाही तर पात्रं मूर्ख वाटतात.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो हातगाडीला. उत्तर चीनमधली ही गाडी एकचाकी असते. मोठं लाकडी चाक मधोमध, ओझं चाकाच्या दोन्ही बाजूंना, मागून ढकलणाऱ्याच्या खांद्यावर पट्टा. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर ती कलंडते. माझ्या कुटुंबात पाच माणसं: आजी, नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी. तिथल्या जुन्या प्रथेप्रमाणे आजीचे पाय छोटे राहावेत म्हणून लहानपणी बांधलेले, तिला फार चालवत नाही, म्हणून ती गाडीवर, वजन साधारण 40 किलो. दुसऱ्या बाजूला तितकंच धान्य. रोज माणशी सरासरी एक चिन म्हणजे अर्धा किलो धरलं तर पाच जणांना अडीच किलो लागतं. म्हणजे धान्य 16 दिवसांत संपतं, आणि जसजसं संपतं तसतसा तोल जातो. आधी त्या बाजूला मुलीला बसवायचं, मग दगड ठेवायचे. हा हिशोब मांडला आणि तीन प्रकरणांचं कथानक आपोआप हाती आलं.

चिखलातून दिवसाला 10 ते 14 किलोमीटरच धरावेत. फूकौ ते श्यूछांग साधारण 50 किलोमीटर. तिथून लुओयांग सरळ रेषेतच 145च्या आसपास, वाटेने त्याहून जास्त. 14 जूनला निघालेलं कुटुंब 1 जुलैच्या सुमारास पोचतं, म्हणजे शेवटचा मुक्काम रिकाम्या पोटी. पहिल्या खर्ड्यात मी त्यांना भात खायला घातला होता, तोही काढला. हेनानचा शेतकरी तेव्हा गहू, बाजरीसारखं भरड धान्य, ज्वारी आणि रताळी खायचा.

वजनांत आणखी एक खोच आहे. तेव्हाच्या एका चिनमध्ये 16 लियांग असत. 10ची मोजणी 1959मध्ये आली. नोटांबाबतही सावध राहावं. 1935पासून ‘फापी’ नावाचं कागदी चलन होतं आणि युद्धात महागाई वाढत गेली, पण पोतंभर नोटा देऊन वस्तू घेण्याची वेळ दहाएक वर्षांनी आली. ते दृश्य 1938मध्ये आणू नये.

पात्रांना काय माहीत आहे, हे मी प्रत्येक प्रकरणाच्या वर लिहून ठेवतो. त्या वेळी सरकारने जाहीर केलं होतं की बांध जपानी विमानांनी फोडला. त्यामुळे माझा नायक शिव्या देतो त्या जपान्यांना. बळींचे चारपासून नऊ लाखांपर्यंतचे अंदाज नंतरचे. ते संवादात आले की पात्राच्या तोंडून लेखक बोलू लागतो.

नावांच्या बाबतीत इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत. तिच्यातला बी म्हणजे ‘प’, डी म्हणजे ‘त’, पी म्हणजे ‘फ’. झेड लिहिलेला उच्चार तर ‘चमचा’मधल्या आपल्या दंत्य ‘च’चा, हिंदीवाल्यांना नसलेला. गावांची नावंही त्या काळचीच हवीत: बीजिंग तेव्हा पेइफिंग होतं, झेंगझोऊ चंगश्येन. नात्यांसाठी मराठी फार सोयीची आहे. काका, मामा, आत्या, मावशी हे भेद चिनीतही आहेत. तेव्हाची खेड्यातली बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नसे, ‘पोराचा बाप’ म्हणे. ते जसंच्या तसं उतरतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना आणण्याचा मोह मोठा होता. पण सोलापूरच्या या डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं ते सप्टेंबर 1938मध्ये, आणि त्यांचं पुढचं काम हपेई प्रांताकडच्या डोंगराळ भागातलं. माझं कुटुंब पश्चिमेला चाललंय. भेट घडवली असती तर ती खोटी ठरली असती, म्हणून टाळली.

शेवटी उरली थोंगक्वानची रात्र. लुओयांगहून माझं कुटुंब रेल्वेने पुढे निघतं. शीआनकडे जाणारी ही रेल्वे तेव्हा इथे ह्वांग होच्या काठाने जायची आणि पलीकडे फंगलिंगतूला मार्चपासून जपानी तोफा होत्या. गाड्या रात्री, दिवे मालवून काढत. पंचांग लावून पाहिलं: 28 जूनला अमावास्या, कुटुंब नदीपाशी येतं 3 जुलैला, सहाव्या महिन्याच्या सहाव्या तिथीला. चंद्रकोर मावळायला मध्यरात्र होते. म्हणून माझी गाडी तोवर अलीकडच्या स्टेशनात उभी आहे, आणि आजी मुलीच्या तोंडावर हात धरून बसली आहे.