उघडलंच आहे तर…

आमची चेतक स्कूटर दुसऱ्या गिअरमध्ये राहायला तयार नव्हती. पहिला टाकायचा, क्लच दाबून गिअरची मूठ फिरवायची, दुसरा पडायचा, गाडी दहा-बारा फूट गुण्यागोविंदाने जायची आणि मग खट्! इंजिन एकटंच किंचाळायला लागायचं आणि गाडी जागच्या जागी रेंगाळायची. मागचा रिक्षावाला जे म्हणायचा ते इथे लिहिता येणार नाही. दीड महिना मी पहिल्यातून थेट तिसऱ्यात उडी मारत होते. लंगडी घालत ऑफिसला गेल्यासारखं.

गाडी बाबांची, 1986 सालची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. आता दर पाच वर्षांनी आरटीओत तिला पुन्हा जिवंत असल्याचा दाखला काढावा लागतो, पेन्शनरांसारखा. ती विकायचा विषय निघाला की बाबाच सगळ्यांच्या आधी म्हणतात, "टाका विकून," आणि पुढचे दोन दिवस जेवताना कुणाशी बोलत नाहीत.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "क्रॉस गेलाय. इंजिन खोलावं लागेल. आता कोण करतंय ताई ही कामं?"

क्रॉस म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता झोपेतही सांगेन. ह्या कुळातल्या स्कूटरला चेन नाही, पट्टा नाही. मागचं चाक गिअरबॉक्सच्या दांड्यावरच बसवलेलं असतं. त्या दांड्यावर चारही गिअर मोकळे फिरत असतात. दांडा आतून पोकळ, आणि त्या पोकळीत अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा एक पोलादी तुकडा मागेपुढे सरकतो. तो ज्या गिअरच्या खाचांत हात घालेल, तो गिअर चाकाला धरतो. हातांच्या कडा झिजून गोल झाल्या की पकड सुटते. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, पण बसतो इंजिनाच्या पार पोटात. पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअरपार्टच्या दुकानात त्याची किंमत ऐकून हसू आलं. दोघांच्या मिसळीत येईल एवढीच. तिथवर पोचायला मात्र अख्खं इंजिन उतरवून, फोडून, दोन तुकडे करायचे.

मी हिशेबातली बाई. माझा यंत्रांशी संबंध कॅल्क्युलेटरपुरता. तरी हे घरी करायचं ठरलं, आणि त्याला कारण लॅम्ब्रेटा.

लॅम्ब्रेटा हे एका काकांचं नाव आहे. रविवारी सकाळी जुन्या गाड्या घेऊन चहाला जमणारी काही मंडळी आहेत. त्यांच्यात माणसांना नावं नसतात, गाड्यांना असतात. "प्रिया आज आली नाही का?" "नाही, प्रियाचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे." हे प्रिया म्हणजे सहा फुटी, मिशीवाले, निवृत्त पोस्टमास्तर; गाडी साताऱ्याला बनलेली असल्याचा त्यांना गावकीचा अभिमान. आरएक्स हा त्यांच्यातला सगळ्यात लहान, कॉलेजात शिकणारा, त्याच्या जन्माआधीच बंद झालेल्या यामाहावर फिरणारा. मी गेले त्या दिवसापासून चेतक झाले.

लॅम्ब्रेटाकाकांचं आमच्या गाडीविषयीचं मत वाईट आहे. "इंजिन एका बाजूला टांगलेलं! आमचं बघ, मधोमध. तोल म्हणजे तोल." त्यावर प्रियाकाका ठरलेलं उत्तर देतात, की ज्या व्हेस्पावरून ही गाडी आली ती विमानं आणि हेलिकॉप्टरं करणाऱ्या माणसाने, दास्कानियोने, 1946 साली उभी केली; विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं पुढचं चाक म्हणूनच पटकन बदलता येतं. बजाजचा व्हेस्पावाल्या इटलीच्या पियाज्जो कंपनीशी करार 1971 ला संपला, 1972 ला चेतक आली, आणि भांडण तेव्हापासून चालू आहे. पन्नास वर्षांत कुणी हरलेलं नाही.

एका शनिवारी तिघंही आमच्या पार्किंगमध्ये हजर झाले. अख्खं इंजिन दोन बोल्टांवर लटकलेलं असतं हे बघून मला जरा धक्काच बसला. एक मागच्या शॉकअपचा आणि एक पुढचा, आरपार जाणारा लांबलचक. केबली सोडल्या, वायरी सोडल्या, शॉकअपचा बोल्ट निघाला. लांब बोल्ट काही हलेना. पस्तीस-चाळीस पावसाळ्यांचा गंज. मी हातोडी उचलली तशी लॅम्ब्रेटाकाकांनी मनगट धरलं.

"आधी नट परत लाव टोकावर. मग मार."

"का?"

"नुसत्या आट्यांवर मारलंस तर टोक फुलतं. मग तो बोल्ट ना पुढे जातो ना मागे." थोडं थांबून, गाडीकडे न बघता, "माझा करवतीने कापावा लागला होता. दोन दिवस."

डिझेल सोडलं, चहा झाला, परत डिझेल सोडलं, आणि तिसऱ्या चहानंतर बोल्ट कुरकुरत बाहेर आला. इंजिन लिफ्टमधून वर नेताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आत शिरल्या आणि सगळ्या मजल्यांवर पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या. भरलेला गॅस सिलिंडर उचलावा तसं ते दोघांनी ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं. पुढचे तीन आठवडे आमच्या घरातल्या टॉवेलांना गिअर ऑइलचा वास होता. नवऱ्याने ह्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही; फक्त तो अंघोळीनंतर स्वतःचा हात हुंगून बघायचा.

नट-बोल्ट ठेवायला मी जुना मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या, सात कप्पे. कारभार चोख. मोहरीच्या वाटीत क्लचचं सामान, जिऱ्याच्या वाटीत मॅग्नेटचं, मेथीच्या वाटीत केसिंगचे, म्हणजे इंजिनाच्या कवचाचे, अकरा नंबर पान्याचे नट. हळदीची वाटी कितीही घासली तरी पिवळीच राहिली, आणि गाडीचे दोन वायसर आजही हळद लागलेले आत बसलेत. शुभच आहे म्हणा.

काम पुढे सरकलं तशी एक गोष्ट ध्यानात आली. ह्यांतला कुणीच मला फारसं 'असं कर' म्हणत नव्हता. सगळे 'असं करू नकोस' सांगत होते, आणि ते सांगताना त्यांची नजर हटकून दुसरीकडे असायची. क्लचचा नट सोडवायला प्रियाकाकांनी एक हत्यार आणलं: भंगारातली क्लच प्लेट आणि तिला वेल्ड केलेली लोखंडी पट्टी. ती प्लेटांमध्ये अडकवली की क्लच फिरत नाही. "आधी काय वापरायचात?" म्हटलं, तर म्हणाले, "पेचकस." आणि डाव्या तळहातावरची पांढरी रेघ दाखवून हात खिशात घातला.

इंजिनाचे दोन अर्धे वेगळे होत नव्हते तेव्हा मी त्यांच्या फटीत पेचकस घालायला गेले. त्या दिवशी आरएक्स एकटाच आला होता. तो जवळजवळ ओरडलाच.

"ताई, नको! त्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला ना, तर संपलं सगळं."

मग त्याने समजावून सांगितलं. टू-स्ट्रोक इंजिन खालच्या पेटीतून श्वास घेतं. जोडाला केसाएवढी फट राहिली तरी तिथून फुकटची हवा आत जाते, तिच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्यामुळे तेही कमी पडतं. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम लॉक होतं. "कात्रजच्या घाटात," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. मी पेचकस मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला आणि रबरी हातोड्याने, ढोकळा सुटायला ताट ठोकावं तसं, चारी बाजूंनी हळूहळू ठोकत बसले. पाऊण तासाने जोडावर एक काळी रेघ उमटली. त्या रेघेचा मला झालेला आनंद ऑफिसातल्या कुठल्याही ताळेबंदाने कधी दिलेला नाही.

क्रॉस ज्या सळईवर बसतो तिचे आटे उलटे असतात. हे प्रियाकाकांनी फोन करून, न विचारता, रात्री साडेदहाला सांगितलं. "झोपलो होतो, आठवलं. उलटे आहेत हां. मी एक तास सोडवतोय सोडवतोय म्हणून घट्टच करत होतो. मोडली सळई."

जुना क्रॉस हातात आला. तीन हात बरे होते, चौथा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. मी तो बाबांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, कडेवरून अंगठा फिरवला.

"क्लच पुरता न दाबता गिअर टाकला की असं होतं," मी नुकतंच मिळवलेलं ज्ञान पाजळलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला अर्धाच दाबायची सवय होती. पहिल्यापासून."

आता, ह्या गाडीचे गिअर माझ्या दादाने बिघडवले हा आमच्या घरातला सर्वमान्य इतिहास आहे. दादा 1998 साली तिच्यावर शिकला, आणि तेव्हापासून गाडीतला कुठलाही खडखडाट त्याच्या खात्यावर नावे पडतो. मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "लेखी दे म्हणावं."

इथून पुढे एक रोग लागतो, त्याला 'उघडलंच आहे तर' म्हणतात. इंजिन उघडलंच आहे तर ऑइल सील बदलून घेऊ. सील बदलतोय तर बेअरिंगं कशाला जुनी ठेवायची? बेअरिंगं नवी, तर क्लच प्लेटा? एका क्रॉससाठी निघालेली मी बुधवारी जुन्या बाजारात, गंजलेल्या कुलुपांच्या आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यांच्या मध्ये उकिडवी बसून मूळ कंपनीचं किकचं स्प्रिंग निवडत होते, आणि घासाघीसही करत होते. केबलीसुद्धा नव्या घेतल्या. ह्या केबलींचं पुढे येतंच आहे.

बेअरिंग बसवायचं काम आईने केलं असं म्हणायला हरकत नाही. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून केसिंग तापवायचं आणि बेअरिंग गार करायचं, की ते हातोडीशिवाय आत जातं. बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये, सोललेल्या मटारांच्या पिशवीला खेटून ठेवली होती. केसिंग शेगडीवर. पण किती तापवायचं? लॅम्ब्रेटाकाका एक सांगत होते, प्रियाकाका दुसरं. आई कणीक मळत होती. ती उठली, हात ओला करून दोन थेंब केसिंगवर उडवले. ते बसून राहिले. "नाही झालं." पाच मिनिटांनी परत उडवले. थेंब चुर्र करून नाचले आणि उडून गेले. "आता टाका. धिरड्याचा तवा झाला." मी फडक्यात धरलेलं बेअरिंग वर नेलं आणि सोडलं. टप्. घरात तीन पुरुष आणि शंभर वर्षांचा एकत्रित अनुभव हजर होता. सगळे आईकडे बघत राहिले. ती परत कणकेकडे गेली.

जोडणीत फार काही सांगण्यासारखं नाही. जसं निघालं तसं उलट्या क्रमाने बसलं. गिअरांमधल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांमधली, 0.20 मिलिमीटरची पट्टी सरकली आणि 0.40 ची अडली तेव्हा प्रियाकाकांनी "पास" म्हटलं. सुईएवढे बारीक रोलर ग्रीसमध्ये चिकटवून बसवताना एक कमी भरला. मी काढताना मोजून वहीत लिहिले होते, त्यामुळे वाद नव्हता, तूट होती. अर्धा तास शोधल्यावर तो बाबांच्या चपलेच्या तळाला सापडला. ते दिवाणखान्यातून तीन फेऱ्या मारून आले होते.

इंजिन खाली गेलं, दोन बोल्टांवर टांगलं, नव्या केबली जोडल्या. आता परीक्षा. लॅम्ब्रेटाकाका म्हणाले, "दुसरा टाक." टाकला. मागचं चाक हाताने ढकललं, गच्च. सगळे खूश. दुखणं दुसऱ्याचं होतं, दुसरा बरा झाला, आणखी काय बघायचं? पेट्रोलमध्ये ऑइल घातलं. गाडी जुन्या रिवाजाप्रमाणे एका अंगावर कलती केली, सरळ केली. न्यूट्रल. चोक. चौथ्या किकला इंजिन धडधडलं आणि त्याच क्षणी गाडी स्टँडवरून उडी मारून, कुणाचीही वाट न बघता, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीकडे निघाली. आरएक्सने मागचं स्टेपनी पकडून लोंबकळत तिला थांबवलं.

परत सुरू केली. आता मी वर बसले, क्लच दाबून धरला, पहिला टाकला. क्लच सोडला तर गाडी म्हातारीसारखी कण्हून बंद. परत तेच. दुसरा टाकून सुटले तर लोण्यासारखी चालली! मूठ खाली चौथ्यावर नेली आणि गाडीने असा हिसडा दिला की माझा दात जिभेत गेला.

पार्किंगमध्ये शांतता. चौघं गुडघ्यांवर बसून इंजिनाखाली बघत होते. अखेर आरएक्सच्या लक्षात आलं. गिअरच्या दोन केबली असतात, एक ओढणारी आणि एक सोडणारी. मी त्या उलटसुलट लावल्या होत्या. पहिल्याच्या जागी चौथा, चौथ्याच्या जागी पहिला, न्यूट्रलच्या जागी तिसरा. मुठीवरच्या पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा ह्या ओळीत मधोमध असलेला दुसरा तेवढा दुसराच राहिला होता, आणि आम्ही नेमका तोच तपासला.

"हे अजून आपल्यात कुणी केलं नव्हतं," लॅम्ब्रेटाकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. प्रियाकाका इतके हसले की त्यांना गुडघा धरून स्टेपवर बसावं लागलं. केबली बदलायला दहा मिनिटं लागली. संध्याकाळी बाबांना मागे बसवून सिंहगड रस्त्याला एक चक्कर मारली. दर गिअरला ते मागून पुटपुटत होते, "पूर्ण दाब. पूर्ण."

परवा आरएक्सच्या कुठल्याशा मित्राचा फोन आला. त्याच्या आजोबांची चेतक, तोच दुसरा गिअर, उद्या इंजिन उतरवतोय.

"केबली काढायच्या आधी एकीला नेलपॉलिशचा ठिपका लाव," मी म्हटलं.

"का हो ताई?"

मी खिडकीबाहेर बघत होते. "लाव म्हणतेय ना. लाव."