३०० एफ/४ आणि दोन टेलिकन्व्हर्टर: आतापर्यंतचा हिशेब

गेले बरेच दिवस ३०० मिमी एफ/४ लेन्सवर १.४ पट आणि २ पट असे दोन्ही टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून चित्र मोठं करणारी भिंगं) आलटून पालटून वापरतेय. लेन्स कॅननची ईएफ, १९९७ साली आलेली, आयएसवाली (हाताचा कंप सावरणारी). कॅमेरा मिररलेस, मध्ये अडॅप्टर. १.४ लावला की ४२० मिमी एफ/५.६ होतात, २ लावला की ६०० मिमी एफ/८. एकात एक स्टॉप जातो (म्हणजे प्रकाश निम्मा होतो), दुसऱ्यात दोन, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मला शोधायचं होतं ते वेगळंच: क्रॉप करून, म्हणजे फोटोचा मधला भाग कापून, जे मिळणार नाही, असं कन्व्हर्टर नेमकं काय देतो?

आधी प्रकाशाचं गणित. फोकल लेन्थला एफच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत यायच्या वाटेचा व्यास मिळतो: ३०० भागिले ४, ७५. ४२० भागिले ५.६, ७५. ६०० भागिले ८, पुन्हा ७५. म्हणजे प्रकाश आत यायची वाट ७५ मिमीचीच राहते. कन्व्हर्टर मागे बसतो, तो पुढून जादा प्रकाश आणणार कुठून? शटर स्पीड तोच ठेवला तर पक्ष्याच्या अंगावरून येणारा प्रकाश तेवढाच येतो, फक्त १.४ मध्ये तो दुप्पट पिक्सेलवर पसरतो आणि २ मध्ये चौपट. त्यामुळे आयएसओ ४००चा ८०० करावा लागला तरी मला आता धास्ती वाटत नाही. ४२०चा फोटो आणि ३००चा क्रॉप एकाच आकारात शेजारी शेजारी लावले, तर नॉइज (फोटोतला रवाळपणा) जवळपास सारखाच दिसतो. फरक दिसलाच तर तपशिलात दिसतो, आणि तोही लेन्सकडे तेवढा तपशील असेल तरच. कन्व्हर्टर लेन्सचे दोषही तितकेच मोठे करतो.

हे तपासायला बारीक अक्षरांचं छापील पान भिंतीला लावलं. ट्रायपॉड, आयएस बंद, दोन सेकंदांचा टायमर, फोकस प्रत्येक वेळी नव्याने. ३००च्या क्रॉपमध्ये जिथे अनुस्वार आणि रेफ एकमेकांत मिसळत होते, तिथे १.४ ने ते स्वच्छ सुटे झाले. २ ने आणखी थोडं मिळालं, पण मधल्या भागात. कडेला अक्षरांभोवती जांभळट झालर येते. एफ/११ केल्यावर कॉन्ट्रास्ट सुधारतो. त्याच्यापुढे डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून प्रकाश पसरून फोटो मऊ होणं) हात आखडायला लावतं, म्हणून २ बरोबर मी एफ/११ च्या पलीकडे सहसा जात नाही.

पण हे झालं घरातल्या घरात. उन्हं चढल्यावर मोकळ्या जमिनीवरून लांबच्या पक्ष्यावर नेम धरला की तिन्ही फोटो सारखेच पिठूळ येतात. मधली तापलेली हवा लहरत असते आणि कन्व्हर्टर त्या लहरीच मोठ्या करून दाखवतो. त्याच जागेवरून सकाळी लवकर, जमीन तापायच्या आत, ४२०ला पिसांची कड न कड दिसते. लांबचं जवळ आणण्यासाठी कन्व्हर्टर घेणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा इथेच. माझं मत आता पक्कं झालंय: आधी जवळ जा, मग कन्व्हर्टर लावा.

आणि जवळ गेल्यावर तो जे करतो त्याच्या मी प्रेमात आहे. कन्व्हर्टरने लेन्सचं किमान फोकस अंतर बदलत नाही. या लेन्सचं अंतर दीड मीटर, तिथे मॅग्निफिकेशन (सेन्सरवरचा आकार भागिले खरा आकार) ०.२४. १.४ ने ते ०.३४ च्या आसपास जातं, २ ने ०.४८. पाच सेंटिमीटरचा चतुर (ड्रॅगनफ्लाय) घ्या: नुसत्या लेन्सने सेन्सरवर तो १२ मिमीचा उमटतो, २ लावून २४ मिमीचा, म्हणजे फुल फ्रेमच्या रुंदीचा दोन तृतीयांश. आणि आपण दीड मीटरवरच, त्यामुळे तो काडीवरून हलतही नाही. पंखांच्या शिरांची जाळी, टोकाजवळचा तो गडद ठिपका, पायांवरचे काटे, सगळं येतं. एक्स्टेन्शन ट्यूबनेही (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी) जवळ जाता येतं, पण तिच्यात काच नसते, फोकल लेन्थ वाढत नाही आणि लांबचा फोकस हातचा जातो. चतुर उडाला आणि समोर खंड्या येऊन बसला, तर कन्व्हर्टरवाल्याला काहीच काढावं लागत नाही. अडचण एकच, डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे जेवढा भाग धारदार दिसतो तो) फार थोडी मिळते. कॅमेऱ्याची पाठ चतुराच्या अंगाला समांतर ठेवली तरच डोळ्यापासून शेपटापर्यंत सगळं धारेवर येतं. मी गुडघे टेकते, मोनोपॉड तिरका करते आणि आधी तो कोन जमवते, फोकसचं नंतर.

डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: बऱ्याच बॉडींचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा, काहींचा मधला पॉइंट एफ/८ ला चालतो. तेव्हा एफ/४ च्या लेन्सवर १.४ बिनधास्त लावा, २ लावण्याआधी बॉडीचं मॅन्युअल उघडून बघा. मायक्रोॲडजस्टमेंट (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) लेन्स-कन्व्हर्टरच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी करावी लागते. मिररलेसला फोकस सेन्सरवरच होत असल्याने ही कटकट नाही, पण २ लावल्यावर मंद प्रकाशात फोकस शोधत राहतो, हे इथेही आहेच.

चंद्रावर २ लावून बघितला. ३००ला सेन्सरवर चंद्र जेमतेम २.७ मिमीचा, ६००ला ५.४. पौर्णिमेला एफ/११, आयएसओ ४००, शटर १/४०० हा जुना हिशेब तंतोतंत लागू पडतो. पण पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं २ बरोबर जी उठून आली, ती १.४ च्या क्रॉपमध्ये नव्हती. चंद्र डोक्यावर होता, हेही कारण. क्षितिजाजवळ असता तर पुन्हा तीच लहरणारी हवा.

तर सध्या १.४ लेन्सवर कायमचा बसलाय आणि २ बॅगेत, चतुर आणि चंद्रासाठी. आता बघायचंय ते २ बरोबर हातात धरून किती शटर स्पीड पुरतो. या लेन्सचं आयएस जुनं, दोन स्टॉपचं. ६००ला १/२५० वर किती फ्रेम धारदार येतात, ते ट्रायपॉडच्या फ्रेमशी ताडून बघणार आहे.