गच्चीवरचा सुका ओट: गाठी अखेर वाळल्या

मीठ सुटं राहिलं! बरणी हलवली, उलटी केली, पुन्हा हलवली, तरी कण न् कण वेगळा. मागच्या दोन खेपांचं रडगाणं ज्यांनी वाचलंय त्यांना यातला आनंद समजावून सांगायला नको. नव्यांसाठी थोडक्यात: गच्चीवर वाळवलेला ओट (ओट्सच्या पिकाचा हिरवा चारा) साठवण्याइतका कोरडा झालाय, सुटं मीठ हीच त्याची खूण, आणि आमच्या तिन्ही बाया, म्हणजे चकली, कडबोळी आणि आत्याबाई या गिनी पिग, तो मनापासून खातायत. चकली तर गोणपाट सरकल्याचा आवाज आला तरी "व्हीक" करून ओरडते. हा मान आजवर फक्त काकडीला होता.

हा उद्योग कशापायी, ते एकदा आकड्यांत मांडते, कारण "टिमथी घ्या ना सरळ" (टिमथी म्हणजे पिगसाठी विकत मिळणारं परदेशी सुकं गवत) हा सल्ला अजून येतोच. किलोभर वजनाची पिग दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम सुकं गवत खाते. तिघींचं मिळून महिन्याला पाच किलो पोटात जातं. टिमथी मला घरपोच किलोला नऊशेच्या आसपास पडत होतं. पण खरी मेख भावात नाही, उरल्यासुरल्यात आहे. सकाळी रॅक भरताना वजन करायचं आणि दुसऱ्या दिवशी तुडवलेलं, टाकलेलं सगळं वेचून पुन्हा तोलायचं. माझ्या शेवटच्या टिमथीच्या पिशवीतलं चाळीस टक्के तरी फेकण्यात जायचं, म्हणजे पोटात गेलेला किलो पंधराशेला पडला! थंड हवेतलं ते गवत, वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्गच्या खोऱ्यातलं ताजं टिमथी जगभर जातं आणि ते उत्तमच असतं. पण आपल्यापर्यंत येतं ते कितव्या कापणीचं, कुठल्या साली कापलेलं, हे पिशवी सांगत नाही. माझ्या त्या पिशवीत पिवळट काड्या होत्या आणि तळाशी वाटीभर भुसा. दुकानदाराला फोटो पाठवले, तर म्हणे "नॅचरल प्रॉडक्ट आहे, मॅडम". नॅचरल तर उकिरडाही असतो.

दुसऱ्या टोकाला तबेल्याचं डोंगरी गवत. किलोला पंचवीस रुपये, तीन चतुर्थांश टाकलं तरी पोटातला किलो शंभरात बसतो. हिशोबात ते सगळ्यांना मागे टाकतं, पण माझ्या घरी पुन्हा येणार नाही. आपल्याकडे डोंगरावरचं गवत कापतात दिवाळीच्या आगेमागे, बी पिकल्यावर. तोवर पवना आणि मारवेलसारखी चांगली जातही काडी होऊन बसते, आणि त्यात कुसळांचं कुसळी गवत मिसळलेलं असतं. ते कुसळ टोकाला काटेरी आणि पिळाचं असतं, ओल लागली की फिरत फिरत आत शिरतं. गाईच्या जाड जिभेला चालून जात असेल, पिगच्या गालात किंवा डोळ्यात गेलं तर गळूच. हातानं निवडून बघितलं. एका मुठीला अर्धा तास. नको रे बाबा.

म्हणून ओट. आणि ओटमध्येही नावापेक्षा कापणीची वेळ मोठी, हे माझं मत आता पक्कं झालंय. उरुळीच्या बाजूचे काका दूधवाल्यांसाठी ओट करतात. त्यांची कापणी दाण्यात चीक भरत आला की. मी मागितला पोटरीतला, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात असतानाचा. काका हसले. "ताई, एवढा कोवळा कापला तर वजन कुठं भरणार माझं?" बरोबरच आहे त्यांचं. गवत वजनावर विकलं जातं आणि वजन काडीत असतं. आपल्याला हवं असतं पान. स्वस्त चारा निकृष्ट का असतो याचं निम्मं उत्तर मला तिथे बांधावरच मिळालं. शेवटी ठरलं असं की गोठ्याला सहा रुपये किलो, मला आठ, आणि कापणी मी सांगेन तेव्हा. पोटरीतला हिरवा ओट वाळून पाचवा-सहावा हिस्सा उरतो, म्हणजे सुका किलो चाळीस ते अठ्ठेचाळीस. पेट्रोल आपापल्या पापपुण्यात धरावं.

आता गाठींबद्दल.

ओटचं कांडं पोकळ असतं, पण दोन कांड्यांमधली गाठ भरीव. फेब्रुवारीतलं पुण्याचं कोरडं ऊन एका दुपारीत पानाचा पापड करतं, कांडं दोन दिवसांत वाजायला लागतं, आणि गाठ मात्र आत ओलीच. हाताला पेंढी कोरडी लागते, वासही छान गोडसर. मग पिशवीत भरली की गाठीतलं पाणी हळूहळू बाहेर येतं, गवताला घाम फुटतो, आणि आठवड्याभरात मधोमध हात घातला की कोमट. पहिली खेप अशी गेली. उन्हात जमिनीवर पसरलेली होती, त्यामुळे रंगही उडालेला आणि उलथताना अर्धी पानं चुरा होऊन गच्चीवरच राहिलेली. दुसरी खेप सावलीत टांगली. रंग सुरेख हिरवा राहिला (हिरवेपणा म्हणजे कॅरोटीन, नुसती शोभा नव्हे), पण जाड पेंढ्यांच्या पोटात गाठींवर करडी बुरशी. बुरशी दिसली की निवडत बसू नका, अख्खी पेंढी कंपोस्टात. धूळ झटकून, ऊन दाखवून ते गवत खाण्याजोगं होत नाही. श्वासाचा त्रास पिगला किती झटकन गाठतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

तिसऱ्या खेपेची युक्ती मोठ्या शेतांवरून उचललेली आहे. तिकडे गवत कापणाऱ्या यंत्राच्या मागे रूळ असतात. ते काडी चेपून फोडतात, म्हणजे काडी आणि पान बरोबरीनं वाळतं. माझ्याकडे रूळ म्हणजे लाटणं. ओट आणला त्या संध्याकाळी नुसता पसरून कोमेजू दिला, आणि मग मूठ मूठ पाटावर घेऊन फक्त गाठींवरून लाटणं दाबून फिरवलं. टच् असा आवाज येतो, फार समाधान देणारा. खलबत्त्यातला बत्ताही वापरून पाहिला. तो गाठीबरोबर पानही कुटतो, चुरा वाढतो. पास्ता बनवायचं रुळांचं हातयंत्र एका मैत्रिणीकडून आणलं होतं. फट मोठी ठेवली तर गाठ तशीच निसटते, लहान ठेवली तर कांड्याचा रस निघून रूळ चिकट होतात, शिवाय मैत्री धोक्यात. लाटणंच बरं. आईनं मात्र आपलं लाटणं परत न घेता नवं आणायला सांगितलंय.

चेपलेला ओट मग मच्छरदाणीची जाळी ताणलेल्या जुन्या खाटेवर, वर हिरवी शेडनेट, खालून हवा. उलथायचा तो पहाटे, दवानं पानं जरा मऊ असताना. दुपारी हात लावला की पान मोडतं. हा एक बदल केला आणि खाटेखालचा चुरा नजरेत भरेल इतका कमी झाला. शेवटी मूठभर जाडीच्या जुड्या बांधून कपड्यांच्या पुली स्टँडवर, समोर टेबल फॅन. शेजारच्या काकूंनी विचारलं, घरात काही विधी आहे का.

आणि मग मिठाची बरणी. कोरडी काचेची बरणी, त्यात गाठींसकट बारीक कापलेला चारा निम्म्याला, वर तव्यावर भाजून गार केलेलं साधं मीठ दोन चमचे, झाकण लावून मिनिट-दोन मिनिटं हलवायचं. मिठाचे गोळे झाले किंवा काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर, साठवायचं नाही. सुटं राहिलं तर भरा. ऑनलाइन मिळणारं दोन टोकांचं ओलमापक यंत्र मी घेऊ नका म्हणेन. एकाच जुडीला तीन ठिकाणी तीन आकडे दाखवतं. मिठाला कसली बॅटरी लागत नाही.

खाण्याचा निकाल. नवा चारा जुन्यात मिसळत मिसळत वाढवला, एकदम नाही. कडबोळीनं पहिल्याच दिवशी रॅक रिकामा करून त्यातच झोप काढली. आत्याबाईची मला खरी धास्ती होती. गेल्या वर्षी तिच्या दाढांना टोकं आली होती, तेव्हापासून ती लुसलुशीत पानं ओढून घेते आणि काडी बाजूला ठेवते, पंक्तीतल्या मिरचीसारखी. चेपलेली काडी ती चावते! बाजूनं जबडा फिरवत, नीट. दाढा आयुष्यभर वाढत राहणाऱ्या जनावराला ही फिरवाफिरवीच हवी असते, ते काम पेलेट्सनं (तयार गोळीखाद्यानं) होत नाही. लेंड्या पुन्हा मोठ्या, सारख्या आकाराच्या झाल्यात आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन स्थिर आहे. टाकाऊ भाग वीस टक्क्यांच्या आसपास. पोटात गेलेला किलो पन्नास ते साठ रुपये. पुन्हा एकदा वाचा: पन्नास ते साठ.

हे लिहितानाच तो टाकाऊ ढीग समोर घेऊन बसलेय आणि एक गोष्ट आत्ता लक्षात येतेय. टाकलेल्या काड्या जवळजवळ सगळ्या बुडख्याकडच्या आहेत. जाड, पिवळसर, गाठी जवळजवळ. म्हणजे हा भाग मी विकत घेते, गाडीतून आणते, लाटते, वाळवते आणि फेकते. काकांना विळा जरा वरून चालवायला सांगितला तर? जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटर खुंट ठेवला तर ओटला पुन्हा फुटवे चांगले येतात, त्यामुळे त्यांचंही नुकसान नाही, उलट दुसरी कापणी मिळते. उद्याच फोन करते. दुसऱ्या कापणीचा चारा बारीक काडीचा निघेल असा अंदाज आहे. तसं झालं तर लाटण्याचं काम निम्म्यावर.

ज्यांना आपापल्या गावी असा शेतकरी गाठायचाय त्यांनी दोन प्रश्न आधी विचारा. पाणी कुठलं, आणि युरिया शेवटचा कधी टाकला. शहराच्या कडेला सांडपाण्यावर वाढवलेला चारा डोळ्यात भरेल इतका गर्द हिरवा असतो. तो नायट्रेटचा (चाऱ्यात साठून जनावराला बाधणाऱ्या क्षाराचा) हिरवा असू शकतो, आणि नायट्रेट वाळवून जात नाही. लसूणघास (अल्फाल्फा) विचारणाऱ्यांसाठी पुन्हा तेच: पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज नको. कॅल्शियम सव्वा-दीड टक्क्यापर्यंत जातं, साध्या गवताच्या दुप्पट-तिप्पट, आणि मूतखड्याचं ऑपरेशन टिमथीपेक्षा महाग पडतं. शिवाय लसूणघासावर मावा ही कीड आली की फवारणी होते, तेही विचारा. कडबा कुट्टी आणि भाताचा पेंढा यांवर वेळ घालवू नका. पेंढा अंथरायला फार तर.

पुढचा प्रश्न पावसाळ्याचा. ओट रब्बीचा. जूननंतर हिरवा मिळणार नाही आणि मिळाला तरी आपल्या हवेत वाळणार नाही. जून ते नोव्हेंबर सहा महिन्यांना खाण्यापुरतेच तीस किलो, फेकण्यासकट चाळीसच्या घरात. परदेशी सल्ला सांगतो की गवताला हवा लागू द्या, कापडी पिशवीत ठेवा. आपल्या जुलैत कापडी पिशवी हवेतली ओल पिऊन बसते. मी बरणी-परीक्षा पास झालेला चारा धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, झाकण बंद करून ठेवणार आहे, आणि दर पंधरवड्याला मूठभर काढून मीठ लावणार. आतापर्यंत इथे पावसाळा काढलेल्या कोणी वेगळं काही केलं असेल तर जरूर सांगा.

हिवाळ्यात गच्चीवर ओटचेच वाफे करायचे असं मागे म्हटलं होतं. तो बेत आता रद्द. एवढ्या गाठी चेपल्यावर कळतंय की काडीच बारीक असेल तर हा सगळा खटाटोप लागतच नाही. मारवेलची काडी बारीक, पानं भरपूर, आणि एकदा लावली की वर्षानुवर्षं कापत राहायची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तिचे सुधारित वाण काढलेत. गच्चीवरची हरळी हाही विचार आहे. अमेरिकेत घोड्यांना बर्म्युडा नावानं जे वाळलं गवत घालतात ती हीच हरळी. पण तिचं उत्पन्न क्रेटमध्ये फारसं निघणार नाही. फुलबाजारातल्या दूर्वा सुचवू नका, त्यांवर काय शिंपडलेलं असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तर मारवेलचे ठोंब पुणे, नगर, साताऱ्याकडे कुणाच्या बांधावर असतील तर कळवा, जूनच्या पहिल्या पावसाआधी क्रेट भरून तयार ठेवते. बदल्यात चाखायला किलोभर सुका ओट देईन, बरणी-परीक्षा तुमच्यासमोर करून.