मंजिष्ठेचा लाल रंग आणि दुकानातली ‘लोकर’

मंजिष्ठेने, म्हणजे लाल रंग देणाऱ्या एका वेलीच्या मुळांनी, लोकर रंगवायला दोन दिवस पुरतात. माझी पहिली लडी लाल व्हायला मात्र दीड महिना लागला आणि त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही.

कृती सोपी आहे. शंभर ग्रॅम लोकर तासभर कोमट पाण्यात भिजवायची, पंधरा ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवायची आणि मग शंभर ग्रॅम मंजिष्ठा रात्रभर भिजवून काढलेल्या अर्कात सोडायची. मी हे सगळे वजनकाट्यावर मोजून केले. तरीही लडी फिकट गुलाबी निघाली आणि नळाखाली धरताच तो गुलाबीही वाहून गेला. दुसऱ्या वेळी मी तुरटी दुप्पट केली, तिसऱ्या वेळी पाणी बदलले, पण फरक पडला नाही. धागा जिथून घेतला त्या दुकानात मी दोनदा गेले. दोन्ही वेळा “ताई, प्युअर वूल आहे, तुमचंच काहीतरी चुकत असेल,” एवढेच उत्तर मिळाले. वेष्टनावर मेंढीचे चित्र होते. धागा कशाचा आहे हे मात्र कुठेही छापलेले नव्हते.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले, “जाळून पाहिलीस का?” त्या चाळीस वर्षे स्वेटर विणत आहेत. त्यांच्यासमोरच मी धाग्याचे टोक चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीला लावले. ते वितळून आक्रसले आणि टोकाशी काळा, टणक मणी तयार झाला, जो नखाने फुटेना. मग काकूंच्या जुन्या पश्मिन्याच्या दशीतला एक धागा जाळला. केस जळाल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला नेताच धागा विझला आणि राख बोटांत चुरडली गेली.

मी दीड महिना ॲक्रिलिक रंगवत होते. लोकर आपल्या केसांसारखीच केराटिन या प्रथिनाची असते. तुरटीतले ॲल्युमिनियम तिला चिकटते आणि मंजिष्ठेचा रंग त्या ॲल्युमिनियमला धरून राहतो. ॲक्रिलिक हा पेट्रोलियमपासून बनवलेला धागा, त्यावर तुरटीला धरायला जागाच नसते. आपण विणायच्या प्रत्येक धाग्याला ‘लोकर’ म्हणतो, हे मला मान्य आहे. पण गिऱ्हाईक स्पष्ट विचारत असताना दुकानदाराने खरे सांगायला हवे होते.

पुढे हस्तकला प्रदर्शनातून मेंढीच्या लोकरीची लडी आणली आणि पहिल्याच खेपेला ती पिकलेल्या मिरचीसारखी लाल झाली. अर्क उकळू देऊ नये, कारण सत्तर अंशांच्या पुढे लाल रंग तपकिरीकडे झुकतो. मंजिष्ठेची पूड मलमलीच्या फडक्यात बांधावी, नाहीतर तिचे कण धाग्यातून निघता निघत नाहीत. भिजवण्याआधी लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधायची असते. घट्ट बांधली तर गाठीखाली पांढरे पट्टे राहतात. गरम अर्कातून काढून थेट गार पाण्यात बुडवू नये, धागे एकमेकांत अडकून लडी आटते. मी ती भांड्यातच रात्रभर निवू देते.

आता कुठल्याही दुकानात मी आधी वीतभर धागा मागते, बाहेर उभी राहून काडी ओढते आणि मगच पैसे देते.